डिसेंबरातले ४.६

आमच्याकडे खरी लग्नं एप्रिल-मे मधेच. तुळशीचं लग्न आटोपलं की थोडीफार होतात, पण गर्दी म्हणाल तर उन्हाळ्यात, कारण तेव्हा शेत मोकळं असतं, तूर-चणा विकून हातात दोन पैसे आलेले असतात, पोट्ट्यांच्या शाळेला सुट्ट्या असतात आणि पुण्या-मुंबईला कामाला गेलेले लोकं गावात असतात. मी लग्नाचे व्हिडिओ करतो. म्हणजे शूटिंग चुलतभाऊ करतो आणि मिक्सिंग माझ्याकडे, धामणगाव रेल्वेच्या आतल्या बाजूला असलेल्या आमच्या गावात, घराच्या पुढच्या खोलीत. त्यामुळे ज्या दिवसात दुपारी बारा ते पाच कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही त्याच दिवसात माझ्या कम्प्युटरला वर्षातलं सगळ्यात जास्त पळावं लागतं. ही एवढी एक गोष्ट मी पहिल्या दिवशी ध्यानात घेतली असती तर पुढचं रामायण झालं नसतं. पण तेव्हा मला वाटायचं ओव्हरक्लॉकिंग, प्रोसेसरला कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं, म्हणजे आकड्याचा खेळ.

एवढा खटाटोप कशासाठी, तर लाईनसाठी. लग्नाचा पूर्ण व्हिडिओ रेंडर व्हायला, म्हणजे जुळवलेल्या सगळ्या तुकड्यांची एक फाईल बनायला, माझ्या मशीनला पाच तास दहा मिनिटं लागायची आणि आमच्याकडे सलग पाच तास लाईन राहील याची खात्री महादेवसुद्धा देणार नाही. इन्व्हर्टर कम्प्युटरला दीड तास धरतो, मॉनिटर बंद ठेवला तर थोडा जास्त. रेंडर ८० टक्क्यावर आलं की लाईन जाणार, इन्व्हर्टर टीं टीं करणार, आणि परत पहिल्यापासून. असं एका आठवड्यात तीनदा झाल्यावर मी मनाशी ठरवलं की हे काम चार तासाच्या आत बसवायचंच. नवीन मशीन घ्यायची ऐपत नव्हती. कापसाला भाव नव्हता. (कधी होता म्हणा.)

२०१६ च्या दिवाळीत नागपुरातून एका माणसाकडून जुना माल उचलला होता, इंटेलचा कोअर आय-५ २५००के, झेड६८ चिपसेटचा बोर्ड आणि आठ जीबी रॅम. २०११ चा प्रोसेसर, म्हणजे तेव्हाच म्हातारा. पण त्याच्या नावातलं ते शेवटचं 'के' महत्त्वाचं, कारण त्याचा अर्थ मल्टिप्लायर उघडा आहे. प्रोसेसरचा वेग म्हणजे साधा गुणाकार असतो, १०० मेगाहर्ट्झचा बेस क्लॉक आणि त्याला गुणणारा आकडा, ३३ असेल तर ३.३ गिगाहर्ट्झ. प्रोसेसरच्या आत चार कोअर, म्हणजे चार कामकरी असतात, चारही कामाला लागले की टर्बोने, म्हणजे आपोआप, हा ३४ वर जातो. 'के' असेल आणि बोर्ड पी६७, झेड६८ किंवा झेड७७ चा असेल तर तो आकडा बायोसमधे, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमधे, जाऊन आपण वाढवू शकतो. तोच प्रोसेसर एच६१ च्या स्वस्त बोर्डात टाकला तर 'के' असून काही उपयोग नाही. हे माहीत नसल्यामुळे पैसे घालवलेले दोघं तरी माझ्या ओळखीत आहेत.

आधीच्या काळात लोकं मल्टिप्लायर नाही, मागचा बसच, म्हणजे तो बेस क्लॉकच, वाढवायचे. १९९८ चा सेलेरॉन ३००ए त्यासाठीच गाजला, ६६ चा बस १०० केला की ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर सरळ ४५० वर, आणि बहुतेक चालायचा. २५००के च्या पिढीत तो रस्ता जवळपास बंद झाला, कारण बेस क्लॉकच्या मागे पीसीआय एक्स्प्रेस, साटा (कार्ड आणि हार्ड डिस्कच्या जोडण्या) सगळंच बांधलेलं आहे, चार-पाच टक्के वाढवलं की प्रोसेसरच्या आधी हार्ड डिस्कच रुसते. तेव्हा कोणी तुम्हाला या पिढीवर बेस क्लॉक १०८-११० करायला सांगत असेल तर हात जोडा आणि आपल्या कामाला लागा.

तर डिसेंबर. तेव्हा आमच्या शेताला एक आठवडा दिवसाची लाईन आणि एक आठवडा रात्रीची असायची, बाबा रात्री हरभऱ्याला ओलीत करायला जायचे, घरातलं कोणी धड झोपायचं नाही, आणि मी पुढच्या खोलीत शाल पांघरून प्राईम९५ लावून बसायचो. हे प्राईम९५ मूळचं ओव्हरक्लॉकिंगसाठी केलेलंच नाही. मर्सेन प्राईम नावाच्या अफाट मोठ्या मूळ संख्या शोधायचा एक प्रकल्प १९९६ ला जॉर्ज वोल्टमन यांनी सुरू केला, त्याचं हे सॉफ्टवेअर. पण गणित असं की उत्तर आधीच माहीत असलेले हिशोब प्रोसेसरला करायला लावता येतात, आणि उत्तर चुकलं की प्रोग्राम ओरडतो. म्हणून ते मशीन तपासायच्या कामी आलं. हे 'उत्तर चुकतं' प्रकरण मी तेव्हा वाचलं आणि सोडून दिलं. मला वाटायचं मशीन एकतर चालते नाहीतर बंद पडते.

पद्धत मात्र मी बऱ्यापैकी बरोबर धरली होती, ते श्रेय स्वतःला देतो. बायोसमधे व्होल्टेज ऑटोवर ठेवायचं नाही, कारण ऑटोवर बोर्ड घाबरट माणसासारखं वागतं, पडू नये म्हणून लागतं त्यापेक्षा जास्त देऊन टाकतं, आणि ते जास्तीचं सगळं उष्णता होऊन बाहेर येतं. व्होल्टेज हाताने टाकायचं. मग मल्टिप्लायर एकेक वाढवायचा, ३६, ३७, ३८, प्रत्येक पायरीला पंधरा मिनिटं प्राईम, बाजूला तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं. कुठेतरी मशीन पडते आणि ब्लू स्क्रीन येते, कोड बहुतेक १२४ नाहीतर १०१, म्हणजे प्रोसेसरला भूक लागली. तेव्हा ०.०१ व्होल्ट वाढवायचं, परत पंधरा मिनिटं. रॅमला या काळात हात लावायचा नाही, नाहीतर मशीन कोणामुळे पडली ते जन्मात कळत नाही. आणि सगळं वहीत लिहायचं. माझी ती वही म्हणजे बाबांची खताच्या दुकानाच्या हिशोबाची जुनी वही, पुढच्या पानांवर डीएपी, युरिया आणि मागून उलटी धरली की ४.२ गिगाहर्ट्झला १.२६ व्होल्ट, ४.४ ला १.३१.

४.४ पर्यंत सगळं मजेत झालं. तिथे थांबायला हवं होतं, पण थांबतो तो माणूस कसला. ४.६ साठी मशीन रडायला लागली, १.३३ नाही, १.३५ नाही, १.३७ ला दहा मिनिटं, शेवटी १.३९ ला तीन तास प्राईम पूर्ण. मधे एकदा मी भलताच आकडा टाकला आणि मशीन चालूच होईना, पंखा फिरायचा, बंद पडायचा, परत फिरायचा. पहिल्यांदा असं झालं तेव्हा पोटात गोळा आला होता. करायचं इतकंच असतं की मेन वायर काढायची, बोर्डावर क्लिअर सीमॉसच्या दोन पिना असतात त्या जोडायच्या, किंवा ती नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी काढून पाच-दहा मिनिटं बाजूला ठेवायची, बायोस मूळ पदावर येतो. बायोसमधल्या चुकीच्या वेगाने प्रोसेसर जळत नाही, फक्त अडतो. जाळतं ते व्होल्टेज आणि उष्णता.

सकाळी आबाजी उठून आले, मी त्यांना स्क्रीन दाखवली, म्हटलं पाहा, ३.३ चा ४.६ केला. आबाजींना गिगाहर्ट्झ कळत नाही, पण वेग कळतो, त्यांनी तरुणपणी शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, जोडी पाळलेली आहे. आमचा भागच पटाचा, तळेगाव दशासर आमच्याच तालुक्यात. २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून पट बंद होते, त्यामुळे आबाजी त्या काळात तसे उदासच असायचे, आणि वेगाचा विषय निघाला की खुलायचे. त्यांनी चहा बशीत ओतला आणि विचारलं, "किती येळ पयते?"

म्हटलं, तीन तास पळाला.

"रातच्याले?"

"हाव."

"पटाचा बैल शेकंदाचा राजा राह्यते बापा," आबाजी म्हणाले, "त्याले कोनी वखराले नाई जुंपत." आणि चहा पिऊन निघून गेले. मला तेव्हा वाटलं म्हातारा जळते.

पण पाहिलं तर त्यांचं बोलणं ओव्हरक्लॉकिंगच्या जगाला तंतोतंत लागू आहे. तिथेही पट वेगळा आणि वखर वेगळा. २०२२ मधे इंटेलचा कोअर आय-९ १३९००के ९ गिगाहर्ट्झच्या पुढे नेला, त्यासाठी प्रोसेसरवर द्रवरूप हेलियम ओतत होते, जे उणे २६९ डिग्रीला उकळतं. तो आकडा पडद्यावर आला, नोंदला, झालं. त्या वेगाने कोणी लग्न रेंडर करत नाही. आपण यूट्यूबवर जे आकडे पाहून हुरळून जातो त्यातले निम्मे पटावरचे असतात, आणि उरलेले एसी लावलेल्या खोलीतले.

मी तीन महिने ४.६ वर छान काम केलं. रेंडर तीन तास पन्नास मिनिटांत. साक्षगंध, वास्तू, एक-दोन बारसे, सगळं फटाफट. मग एप्रिल आला.

पहिली तक्रार एका मुलीच्या वडिलांची. काकाजी स्वतः गाडीवर आले, रुमाल डोक्याला गुंडाळलेला, पेनड्राईव्ह माझ्या हातात दिला आणि अतिशय सभ्यपणे म्हणाले, "भाऊ, सगळं चांगलं केलं जी तुम्ही, पन सावधान म्हनलं तवाच पोरीच्या तोंडावर हिरवे ठिगळं काऊन आले?" मी लावून पाहिलं. खरंच, शेवटचं मंगलाष्टक संपतं, भटजी सावधान म्हणतात, अंतरपाट खाली येतो आणि नवरीच्या चेहऱ्यावर दीड सेकंद हिरवे चौकोन. दोन तासाच्या व्हिडिओत एवढीच एक जागा सापडली होती त्याला!

मी आधी कॅमेऱ्यावर ढकललं. मूळ क्लिप पाहिली, स्वच्छ. मग तोच प्रोजेक्ट, काहीही न बदलता, परत रेंडर केला. सावधान नीट आलं, पण आता विहिणीच्या भेटीत एक आडवी फाटकी रेघ. तिसऱ्यांदा केला तर पंगतीत. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, कारण फाईल खराब असती तर खराबी एकाच जागी दिसली असती, सॉफ्टवेअरचा दोष असता तरी बहुतेक तसंच. तोच हिशोब दर वेळी वेगळ्या जागी चुकतो म्हणजे हिशोब करणाराच चुकतोय. मशीन बंद पडत नव्हती, ब्लू स्क्रीन नव्हती, काही नव्हतं. ती शांतपणे खोटं उत्तर देत होती. बंद पडणारी मशीन मला आता फार प्रामाणिक वाटते.

दुपारी तीन वाजता प्राईम लावलं. डिसेंबरात तीन तास टिकलेली मशीन चार मिनिटांत घसरली, एका वर्करपुढे लाल खूण आणि तो संदेश, 'राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४', म्हणजे हिशोब चुकला, बाकीचे तीन कोअर काहीच झालं नाही असे चालूच. तापमान ९७. या प्रोसेसरची हद्द ९८, तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे मी ४.६ ची फुशारकी मारत होतो आणि दुपारी तो बिचारा मधेमधे ४ च्याही खाली येऊन धापा टाकत होता.

आता यात गुंतागुंत काही नाही, साधी वजाबाकी आहे, फक्त मी केली नव्हती. प्रोसेसरवर बसवलेला पंख्याचा कूलर त्याला खोलीच्या तापमानापेक्षा खाली नेऊ शकत नाही. तो फक्त फरक ठरवतो. ४.६ ला माझा फरक होता ५२ डिग्रीचा. डिसेंबरात रात्री खोली १६, म्हणून प्रोसेसर ६८, म्हणून मी खूश. मे मधे आमची खोली कूलर चालू असताना ३१ असते, पण लाईन गेली की इन्व्हर्टर कम्प्युटर चालवतो आणि घरातला कूलर बंद पडतो, अर्ध्या-पाऊण तासात खोली ४१. एक्केचाळीस आणि बावन्न, त्र्याण्णव. म्हणजे ज्या वेळेसाठी मी हा सगळा खटाटोप केला होता, लाईन गेल्यावर उरलेलं रेंडर इन्व्हर्टरवर संपवायची ती वेळ, नेमकी तीच सगळ्यात वाईट. आणि तापलेल्या प्रोसेसरला तोच वेग राखायला जास्त व्होल्टेज लागतं, आतले सिग्नल उष्णतेने मंदावतात. ६८ डिग्रीला जे १.३९ पुरत होतं ते ९५ ला पुरत नाही. बाहेरचं तर बोलूच नका, नागपूरला २०१३ च्या मे मधे ४७.९ नोंदलेलं आहे.

पण ९३ चे ९७ कसे झाले? वरचे चार कुठून आले? ते पाहायला मी डब्बा उघडला.

आमच्या घरी दिवाळीपासून कापूस भरून ठेवतात, भाव वाढेल या आशेवर. त्या वर्षी मधल्या खोलीत छताला लागेल इतका होता आणि माणसं त्यावर झोपायची, अंगाला खाज सुटायची. त्या कापसाचं काय व्हायचं ते झालंच, फेब्रुवारीत पडेल भावाने गेला, पण जाताना तो माझ्या हीटसिंकमधे राहून गेला. टॉवरसारखा कूलर आहे माझा, चार तांब्याच्या नळ्या, वर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आणि समोर १२० मिलीमीटरचा पंखा. पंखा काढला तर पट्ट्या दिसतच नव्हत्या. त्यांच्या तोंडावर नमद्यासारखा एक पांढुरका-तपकिरी थर जमलेला, बोटाच्या पेरभर जाड, कापसाचे तंतू आणि त्यात अडकलेली काळ्या मातीची भुकटी. मी एका कोपऱ्यात नख घालून ओढलं तर अख्खा चौकोन सोलून हातात आला, पलीकडून उजेड दिसला. त्याच्यावर पंख्याच्या जाळीचा ठसा उमटलेला होता, भाकरीवर तव्याचा उमटतो तसा. आणि एक सरकीचा दाणा.

तो साफ करताना एक गोष्ट ध्यानात ठेवा, पंख्याच्या पात्यात बोट घालून तो धरून ठेवायचा आणि मगच ब्लोअर मारायचा, मोकळा सोडला तर हवेने तो नको तितका गरगरतो आणि बेअरिंगचं वाटोळं होतं. थर्मल पेस्ट वाळून पापड झालेली होती. मेडिकलमधून आयसोप्रोपिलचं स्पिरिट आणलं, जुन्या धोतराच्या कापडाने पुसलं, नवीन पेस्ट मधोमध तुरीच्या दाण्याएवढी. लोकं मटाराएवढी म्हणतात, आमची तूर बास झाली. जास्त लावली म्हणून जास्त थंड होत नाही, पेस्टचं काम फक्त दोन धातूंमधली हवेची फट भरणं.

आणि घरातला डेझर्ट कूलर तोंडासमोर आणून डब्ब्यावर सोडायचं डोकं कोणी चालवू नका, मी चालवलं होतं. तापमान उतरतं खरं, पण कूलरच्या गवतातून येणारी ती ओली हवा आणि आधीचे तंतू मिळून पट्ट्यांवर चिखल लिंपल्यासारखं होतं. आमचं पाणी खारं, ते सुकलं की पांढरी पापुद्री. खोली थंड करा, डब्बा नाही.

मग मी ठरवलं की जे काही तपासायचं ते नवतपात तपासायचं. मे च्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी तीन वाजता, खिडकी बंद, कूलर बंद. आई दारात येऊन उभी राहिली. "कूलर काऊन बंद केला बे? मानसं मरून रायले अन् याले डब्बा तपासाचा हाय!" मी तिला मागच्या ओसरीत खाट टाकून दिली. स्वतः बनियनवर, मानेवर ओला गमछा, आणि वही. घामाने कागद हाताला चिकटायचा.

तिथे बसून मी पहिल्यांदा तो हिशोब कागदावर मांडला जो आधीच मांडायला हवा होता. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. मूळ ३.४ ला साधारण १.२ व्होल्ट. ४.२ ला १.२६, म्हणजे वेग चोवीस टक्के जास्त, उष्णता छत्तीस टक्के जास्त, ठीक आहे, परवडतं. ४.६ ला १.३९, म्हणजे वेग पस्तीस टक्के जास्त आणि उष्णता ऐंशी टक्के! ४.२ वरून ४.६ वर जायला एक तृतीयांश उष्णता जास्तीची ओतायची आणि मिळणार काय, तर एका लग्नामागे एकवीस मिनिटं. ट्रॅक्टरचा डिझेल पंप वाढवून घेतलेले लोकं आहेत गावात, मिस्त्री स्क्रू फिरवतो, पहिले दोन आटे जोर वाढतो, पुढच्या आट्यांना नुसता काळा धूर. माझी वरची ४०० मेगाहर्ट्झ सगळी धूर होती.

शिवाय जास्तीचं व्होल्टेज वर्षानुवर्षं राहिलं की चिपमधल्या त्या केसापेक्षा बारीक तारांमधले धातूचे अणूच जागेवरून सरकत जातात, कॅनॉलचा काठ जसा पाण्याच्या रेट्याने जरा जरा खचतो तसं, त्याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात, आणि उष्णतेने ते आणखी वेगात होतं. आज चाललं म्हणून दोन वर्षांनी त्याच व्होल्टेजवर चालेल असं नसतं.

४.२ वर, १.२६ व्होल्टला, बंद खोलीत ४१ डिग्रीत, प्राईम चार तास. तापमान ऐंशीच्या आसपास. एक चूक नाही. तरी मी वर ०.०१५ व्होल्ट ठेवून दिलं, कारण आमच्याकडे संध्याकाळी सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज डीम होतं, बल्ब पिवळे पडतात, आणि पॉवर सप्लाय कितीही चांगला असला तरी मला त्या वेळेचा भरवसा नाही. लोडखाली, म्हणजे काम वाढलं की, व्होल्टेज खाली घसरतं ते सावरायला बायोसमधे लोडलाईन कॅलिब्रेशन असतं, ते मधल्या पायरीवर ठेवलं. शेवटच्या पायरीवर ठेवलं तर लोड सुटताक्षणी व्होल्टेज वर उसळी मारतं, आणि ती उसळी साध्या सॉफ्टवेअरला दिसतसुद्धा नाही. काम नसताना वेग आणि व्होल्टेज आपोआप खाली यायची जी सोय असते ती चालूच ठेवली, ती बंद करायला सांगणारे सल्ले मला कधी पटले नाहीत, बैल गोठ्यात उभा असताना त्याला जू कशाला. मग रॅमची वेगळी रात्र, मेमटेस्ट, स्वच्छ.

काकाजींचा व्हिडिओ चौथ्यांदा रेंडर केला आणि यावेळी शेवटपर्यंत बसून स्वतः पाहिला. चार तास अकरा मिनिटं. चारच्या आत बसवायचं ठरवलं होतं, नाही बसलं. इन्व्हर्टरला नवीन बॅटरी घेतली, तीच आधी घेतली असती तर... जाऊ द्या.

२०२२ मधे नवीन मशीन केली, रायझन ७ ५७००एक्स. आता जग उलटं झालंय. आजकालचे प्रोसेसर स्वतःच स्वतःला जितकं पळवता येईल तितकं पळवतात, आपल्यासाठी वर फारसं काही शिल्लकच ठेवत नाहीत. मी आता ओव्हरक्लॉक करत नाही, व्होल्टेज कमी करतो, कर्व्ह ऑप्टिमायझर नावाच्या बायोसमधल्या सोयीत उणे आकडे टाकून. वेग तोच, उष्णता कमी. पण त्यातही एक खोडी आहे जी मला दोन आठवडे नाचवत होती. उणे २५ ला प्राईम, रेंडर, सगळं पास, आणि रात्री मशीन नुसती बसलेली असताना आपोआप रिस्टार्ट. कारण पूर्ण लोडला वेग खाली असतो, तिथे काही बिघडत नाही, कमी लोडला एकच कोअर सगळ्यात वर उडी मारतो आणि कमी केलेलं व्होल्टेज तिथे अपुरं पडतं. एकेक कोअर वेगळा तपासावा लागतो, कोअरसायकलर नावाचं त्यासाठीचं स्क्रिप्ट मिळतं. दोन कोअर उणे १० वर आणले, बाकी उणे १५, तेव्हापासून शांत.

आणि कारखान्यातून आलेलं सगळं नेहमी सुरक्षितच असतं असंही नाही. २०२४ मधे इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचं जे प्रकरण झालं त्यात चिपच स्वतःहून नको तितकं व्होल्टेज मागत होती आणि झिजत होती, मायक्रोकोडचा (चिपच्या आतल्या प्रोग्रामचा) ०x१२९ हा अपडेट आला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ती बातमी वाचताना मला माझं डिसेंबरातलं १.३९ आठवलं.

जुना २५००के अजून आहे. मधल्या खोलीत, जिथे कापूस असायचा तिथे, पुतणी त्यावर शाळेचे प्रोजेक्ट करते आणि गर्दी झाली की मी साध्या कामांचे रेंडर त्यावर टाकतो. अजून ४.२ वरच. पट २०२१ च्या डिसेंबरात कोर्टाने परत सुरू होऊ दिले, २०२३ ला कायदाही कायम झाला, पण आबाजींचे गुडघे गेले, ते आता त्याच खोलीत खाटेवर असतात आणि मोबाईलवर दुसऱ्यांचे पट पाहतात.

गेल्या मे मधे एक दिवस अडीचला लाईन गेली. कूलरच्या गवतातून टपकणारं पाणी थांबलं, घरात एकदम ती दुपारची शांतता पसरली आणि त्यात फक्त जुन्या मशीनचा पंखा वर चढत गेलेला ऐकू येत होता. रेंडर अजून बाकी होतं. मी उठून स्क्रीनवर तापमान पाहिलं.

"किती हाय?" आबाजींनी पडल्या पडल्या विचारलं.

"एक्क्याऐंशी."

"मंग राहू दे," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.